पेशीची हद्द

कच्चे बीट चिरून फोडी दोन-तीनदा धुतल्या आणि गार पाण्यात ठेवल्या, तर पाणी जेमतेम गुलाबी होते. सुरीखाली सापडलेल्या पेशींतला रंग धुतानाच निघून जातो. बाकीच्या पेशी आपला रंग सोडत नाहीत. त्याच फोडी उकळत्या पाण्यात टाकल्या की थोड्याच वेळात पाणी लालभडक. इतका वेळ रंग धरून ठेवला होता तो पेशीभोवतीच्या, आणि तिच्या आत रंग साठवणाऱ्या पोकळीभोवतीच्या, अतिशय तलम पडद्याने. उकळल्यावर तो पडदा निकामी झाला. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत केंद्रकाला रंग मिळतो, तंतुकणिकेला वळणे मिळतात आणि हा पडदा, म्हणजे पेशीपटल, मात्र कडेची एक रेघ होऊन राहतो. माझे म्हणणे असे की पेशी समजून घ्यायची तर सुरुवात या रेघेपासूनच करायला हवी. उकडलेल्या बिटातली बहुतेक द्रव्ये भांड्यातच असतात, कुठे गेलेली नसतात. गेलेली असते ती आत आणि बाहेर यांतली हद्द.

पटलाकडे दुर्लक्ष होण्यामागे थोडा इतिहासही आहे. रॉबर्ट हूकने 1665 साली बुचाच्या पातळ कापात ज्या खोल्या पाहिल्या, त्यांवरून ‘सेल’ हे नाव रूढ झाले. पण बूच ही झाडाची मेलेली साल. हूकला दिसल्या त्या रिकाम्या पेशींच्या भित्तिका. पटल जेमतेम सात-आठ नॅनोमीटर जाडीचे, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये लाखभर थर सहज मावतील. त्याचा पत्ता आडवाटेने लागला. 1925 साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींतला स्निग्ध अंश काढून पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा पसरवला. तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरला, अर्थात पटल दुपदरी होते. त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या आणि त्यांनी एकमेकींना कापले, हे पुढे कळले. निष्कर्ष मात्र टिकला. या स्निग्ध थरातून मीठ किंवा साखर सहजी जात नाही. त्यासाठी पटलात प्रथिनांची दारे बसवलेली असतात, आणि काही दारे तर चक्क पंप असतात. येन्स स्कोऊ यांनी 1957 मध्ये दाखवलेला पंप दर खेपेला सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. नुसते पडून राहिलो तरी शरीराच्या ऊर्जेचा मोठा वाटा याच कामावर खर्च होतो. हद्द एकदा आखून भागत नाही, ती क्षणोक्षणी राखावी लागते.

यावर कोणी म्हणेल, उष्णतेने पटलाबरोबर प्रथिनेही बिघडतात, तेव्हा बिटावरून काय सिद्ध होते? आक्षेप रास्त आहे. म्हणून उष्णता बाजूला ठेवू आणि तांबड्या पेशी साध्या शुद्ध पाण्यात सोडू. पाणी आत शिरत जाते, पेशी फुगतात आणि फुटतात. तापवले काही नाही, विष घातले नाही, फक्त पटल फाटले आणि पेशी संपली. शिरेतून साधे पाणी न देता सलाईन देतात ते यासाठीच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पेशीचा सगळा आराखडा केंद्रकातल्या डीएनएमध्ये असतो, मग मान त्याचाच नको का? पण माणसाच्या रक्तात वाहणाऱ्या तांबड्या पेशीला केंद्रकच नसते, तंतुकणिकाही नसतात. तरी ती सुमारे 120 दिवस आपल्याहून अरुंद केशवाहिन्यांतून अंग चोरत ये-जा करते. ती जगते ते केंद्रक असताना तयार झालेल्या प्रथिनांच्या पुंजीवर, हे कबूल करायलाच हवे. तिला विभाजन जमत नाही आणि झीज भरून काढता येत नाही. वंश चालवायला आणि डागडुजीला केंद्रक लागतेच. आज, या घटकेला जिवंत राहायला मात्र पटल लागते. विषाणूकडे आराखडा असतो, काहींभोवती यजमान पेशीकडून उचललेले वेष्टनही असते. पण त्या वेष्टनावर स्वतःच्या ऊर्जेने पंप चालवणारे कोणी नसते, आणि पेशीबाहेर विषाणू निपचित पडून राहतो.

ही केवळ पुस्तकी चर्चा नव्हे, हे 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिसले. पटकीचे विष आतड्यातल्या पेशींना क्षार बाहेर ओतायला लावते आणि त्यामागोमाग पाणी जाते. छावणीत सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्के होते, ते 3.6 टक्क्यांवर आले. कारण आतड्याच्या पेशीपटलात ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेणारे एक दार असते, आणि पटकीतही ते शाबूत राहते. त्या दाराने मीठ आत गेले की पाणी मागे येतेच. घरी हे पाणी करताना लिटरभर स्वच्छ पाण्याला साखरेचे सहा आणि मिठाचा अर्धा, असे सपाट चमचे घेतात. साखर जास्त झाली तर ती आतड्यातच साचते आणि शरीरातले पाणी उलट आतड्यात ओढून घेते, म्हणून चमच्यावर शीग ठेवायची नाही.