कपाशीच्या गाठीवरील पट्टी आणि संशोधनाचे फळ

सुधारलेले बियाणे वा नवी पद्धत वापरताना तिच्यामागील संशोधनाचा खर्च कोणी सोसला, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. “प्रयोगशाळेत काय चालते ते साहेबांना ठाऊक,” असे शेतकरी म्हणतो. वस्तुतः त्या कामाशी त्याचा संबंध फार जुना आहे. कपाशीचेच उदाहरण घेऊ.

1921 साली मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. तिला नियमित उत्पन्न मिळावे म्हणून 1923 साली कापूस उपकराचा कायदा करण्यात आला. परदेशी जाणाऱ्या व देशातील गिरण्यांत वापरल्या जाणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर काही आण्यांची पट्टी बसली. ती भरणारा व्यापारी वा गिरणीवाला असला, तरी गाठ शेतकऱ्याच्या शेतातूनच आलेली होती. रक्कम क्षुल्लक, परंतु ती दरवर्षी येणारी आणि कापसाच्या सुधारणेसाठी राखून ठेवलेली होती.

या पैशातून 1924 साली मुंबईस माटुंगा येथे प्रयोगशाळा उभी राहिली. नवे वाण निवडणाऱ्या शास्त्रज्ञाजवळ आरंभी थोडीच रुई असते. ती गिरणीत पाठविण्याइतकी नसते. प्रयोगशाळेत अशा अल्प नमुन्याचे सूत काढून त्याची प्रत ठरविता येऊ लागली. त्यामुळे कोणते वाण वाढवावे व कोणते सोडावे, याचा निर्णय वेळीच होऊ लागला.

त्याच वर्षी समितीच्या व संस्थानांच्या साहाय्याने इंदूर येथे वनस्पती संशोधन संस्था निघाली. काम मुख्यतः कपाशीचे. परंतु संस्थेचे प्रमुख अल्बर्ट हॉवर्ड यांनी तेथे पऱ्हाट्या, पालापाचोळा, शेण आणि गोमूत्राने भिजलेली माती यांपासून उत्तम खत तयार करून दाखविले. टणक पऱ्हाट्या गाडीवाटेवर पसरून चुरल्या जात. ग्रामसेवक ज्या ‘इंदूर पद्धती’ची प्रात्यक्षिके करीत आले, तिचा उगम असा कपाशीच्या पट्टीत आहे. संशोधनाचे फळ कोणत्या फांदीला लागेल, हे आधी सांगता येत नाही.

पुढे 1960 च्या दशकाच्या मध्यास पीकवार समित्या बंद होऊन त्यांच्या संशोधन संस्था भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आल्या. महाराष्ट्रात 1968 ते 1972 या काळात राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे स्थापन झाली. आता हा खर्च मुख्यत्वे केंद्र व राज्य शासनांच्या अंदाजपत्रकांतून होतो, म्हणजेच तो जनतेच्या करांतूनच होतो.

सर्व शास्त्रांतील संशोधन व विकास मिळून 2020-21 साली देशाने शंभर रुपयांच्या राष्ट्रीय उत्पन्नामागे सुमारे 64 पैसे खर्च केले. रक्कम किती, याइतकेच ती खंड न पडता मिळते की नाही, याला महत्त्व आहे. नवे वाण सिद्ध होण्यास आठ-दहा वर्षे सहज लागतात. मध्येच पैसा आटला, तर निवडलेली रोपे व जपलेली वंशावळ वाया जाते. पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. शिवाय कीड थांबत नाही. 2002 साली देशात बीटी कपाशीच्या लागवडीस मान्यता मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळीने तिच्यावरही मात केली. कालचे संशोधन आजच्या शेतीला कायमचे पुरत नाही.

मग गावी आपण काय करावे? ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्याची अडचण तारीख, जमीन, वाण व लक्षणे यांसह लिहून कृषी विज्ञान केंद्राकडे वा विद्यापीठाकडे पाठवावी. शेतकरी बंधूंनी प्रात्यक्षिकाशेजारी आपल्या नेहमीच्या पद्धतीचा तुकडा राखावा आणि दोहोंचे उत्पन्न तोलून नोंदवावे. प्रयोग फसला तर तेही निःसंकोच सांगावे. त्या माहितीचे मोल यशाइतकेच आहे.

संशोधनासाठी पैसा आपण देतोच. प्रश्नही आपणच दिले, तर त्या पैशाचे फळ आपल्या बांधापर्यंत लवकर पोहोचेल.