वर्षावासातले वाचक

आषाढी पौर्णिमा झाली की नागपुरातल्या बौद्ध वस्त्यांमध्ये, इंदोऱ्यापासून पाचपावलीपर्यंत, विहारांचे संध्याकाळचे वेळापत्रक बदलते. घरची कामे आवरून, पांढरी साडी नेसून बायका येतात, कामावरून परतलेले पुरुष मागच्या चटईवर बसतात, पोरे दाराशी घुटमळतात. बुद्धवंदना, त्रिशरण, पंचशील होते आणि मग त्या दिवशी ज्याची पाळी असेल ती व्यक्ती माईकसमोर येते. चौरंगावरचे पुस्तक कालच्या खुणेपाशी उघडले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. वाचणारी कधी महिला मंडळातली वयस्क उपासिका असते, कधी दहावी-बारावीतली मुलगी. पालीतले एखादे नाव जिभेवर अडले की शेजारची हळूच ते उच्चारून देते आणि वाचन पुढे सरकते. भाग संपतो, कुणी दोन शब्दांत त्याचा अर्थ सांगते, कुणी शंका काढते, खूण पुढच्या पानात जाते. हे अश्विन पौर्णिमेपर्यंत चालते. शेवटच्या दिवशी समाप्ती आणि खीरदान. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एके ठिकाणी राहायचे ही वर्षावासाची जुनी रीत; तिला उपासकांनी एका ग्रंथाची जोड दिली आहे.

‘सध्या काय वाचताय?’ हा प्रश्न आपण एकमेकांना विचारतो तेव्हा या चटईवरची माणसे आपल्या डोळ्यांसमोर नसतात. वाचक म्हटला की एकटा, मुकाट्याने पाने उलटणारा, घरात पुस्तकांचे कपाट असलेला माणूसच आठवतो. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. त्याखाली वाचनालयांना दर्जा आणि अनुदान मिळते ते सभासद आणि ग्रंथसंख्या अशा नोंदींच्या आधारे, आणि त्या नोंदवहीत एक पुस्तक एका सभासदाच्या नावावर जाते. ते पन्नास जणांनी ऐकले तर त्याला रकाना नाही. नागपूर हे विदर्भ साहित्य संघाचे शहर. 1923 मध्ये अमरावतीत स्थापन झालेली ही संस्था पुढे इथे आली आणि शंभरी ओलांडून उभी आहे. पण शहराच्या वाचनसंस्कृतीचे वर्णन होते तेव्हा संस्था, ग्रंथालये, साहित्यिक, पुस्तक प्रकाशने एवढीच नावे निघतात. विहार त्यात सहसा येत नाही. माझे म्हणणे असे की विहारात बसलेली ही माणसे पूर्ण अर्थाने वाचक आहेत. आपण काय वाचतो आहोत हे दुसऱ्याला सांगण्याची त्यांची पद्धत तर आपल्यापेक्षा जास्त कसदार आहे, कारण ती पुस्तक संपण्याची वाट पाहत नाही.

वाचून झालेल्या पुस्तकाबद्दल बोलताना माणूस निकाल देतो: आवडले, आवडले नाही, शेवट फसला, तुम्हीही वाचा. ऐकणाऱ्याने ते वाचलेलेच नसते, म्हणून संभाषण शिफारशीच्या पुढे जात नाही. विहारात सगळे एकाच पानावर थांबलेले असतात. पुढे काय येणार हे कुणाला ठाऊक असले तरी आज चर्चा आजच्या भागाची. शंका ताजी असते आणि ती ज्याच्यापुढे मांडायची त्यानेही तेच वाक्य आताच ऐकलेले असते. शिवाय या पुस्तकाचा जन्मच असा आहे की त्याच्या वाचकांना एकमेकांवाचून गत्यंतर नव्हते. दीक्षा झाली 14 ऑक्टोबर 1956 ला. बाबासाहेब गेले 6 डिसेंबरला. मूळ इंग्रजी ग्रंथ छापून आला तो 1957 मध्ये. ज्यांच्यासाठी तो लिहिला त्यातल्या बहुतेकांना इंग्रजी येत नव्हते, आणि अडलेले विचारायला लेखक उरला नव्हता. मराठी अनुवाद हाती आल्यावर विचारायचे कुणाला, तर शेजारी बसलेल्याला.

लेखकालाही हे अभिप्रेत होते असे मानायला जागा आहे. ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्यांनी चार प्रश्न मांडले आहेत. बुद्धाने परिव्रज्या का घेतली, चार आर्यसत्ये ही त्याचीच मूळ शिकवण आहे का, आत्मा नाकारला तर कर्म आणि पुनर्जन्माचे काय, आणि भिक्खू निर्माण करण्यामागे हेतू कोणता. यातल्या पहिल्या प्रश्नाचे परंपरेने दिलेले उत्तर ते सरळ नाकारतात. 29 वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी किंवा मेलेला माणूस पाहिलाच नव्हता हे पटण्याजोगे नाही, असा त्यांचा रोखठोक युक्तिवाद आहे. आणि वाचकांनी पुढे येऊन या प्रश्नांच्या उत्तरांत भर घालावी अशी अपेक्षाही ते व्यक्त करतात. ज्या धर्मग्रंथाची सुरुवात प्रश्नांनी होते तो नुसता म्हणून दाखवण्यासाठी लिहिलेला नसतो.

एक भाग जवळून पाहू. परंपरेतले उत्तर बाजूला सारल्यावर बाबासाहेब रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगतात. शाक्य आणि कोलीय यांच्यात पाणी आधी कुणी घ्यायचे यावरून मारामारी होते, दोन्हीकडची माणसे जखमी होतात, सेनापती शाक्य संघाची सभा बोलावतो आणि युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो. चूक आपल्याही माणसांची असू शकते, आधी चौकशी व्हावी, दोघे शाक्यांनी निवडावेत, दोघे कोलीयांनी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाच जणांनी तंटा मिटवावा, अशी सूचना तो करतो. मतदान होते, सूचना पडते, युद्धाचा ठराव प्रचंड बहुमताने मंजूर होतो. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीची गोष्ट निघते तेव्हा सिद्धार्थ नकार देतो. मग त्याला बजावले जाते की संघ त्याच्या कुटुंबावर बहिष्कार घालू शकतो, जमीन जप्त करू शकतो. कुटुंबाला झळ पोहोचू नये म्हणून तो स्वतः घर सोडतो. आता हा भाग नागपूरच्या विहारात मोठ्याने वाचला जातो तेव्हा ऐकणाऱ्यांना ‘ठराव’, ‘बहुमत’, ‘बहिष्कार’ यांतला एकही शब्द समजावून द्यावा लागत नाही. गावात बहिष्कार पडला की पाणी, दळण, मजुरी कशी तुटते याच्या आठवणी अनेक घरांत आहेत. म्हणून ‘बहुमताने ठरले तरी ते चूक असू शकते का, आणि मग एकट्याने काय करायचे’ हा प्रश्न तिथे पुस्तकी राहत नाही. एकट्याने खोलीत वाचणाऱ्याला हे सुचणार नाही असे नाही. पण त्याच्या शंकेला उलट बोलणारे कुणी समोर नसते.

ही रीत आकाशातून पडलेली नाही. किसन फागूजी बनसोडे यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला नागपुरातून एकामागून एक पत्रे काढली; कामठीत बाबू हरदास एल. एन. यांनी 1927 मध्ये रात्रशाळा चालवली, चोखामेळ्याच्या नावाने ग्रंथालय उभे केले. ‘मूकनायक’ 1920 मध्ये आणि ‘बहिष्कृत भारत’ 1927 मध्ये निघाले तेव्हा वस्तीत अक्षर ओळखणारे मोजके होते. एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी भोवती बसून ऐकायचे, याखेरीज अंकाला वस्तीत शिरायला वाट नव्हती. जगात अन्यत्रही असे घडलेले आहे. क्यूबात हवाना शहरातल्या चिरूट कारखान्यांत 1865 पासून कामगारांसमोर एक वाचक बसू लागला. त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून देत, कुठले पुस्तक वाचायचे हेही तेच ठरवत. पुढच्याच वर्षी सरकारने त्यावर बंदी आणली. ऐकणारे मुकाट बसून राहतात अशी खात्री असती तर बंदीची गरज पडली नसती. हरदासांनी संघटित केलेले विडी कामगार आणि हवानाचे हे कामगार एकमेकांना ओळखत नव्हते, पण हात तंबाखूत गुंतलेले असताना कान मोकळे असतात हे दोघांनाही ठाऊक होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हे पारायणच आहे, चातुर्मासातल्या पोथीच्या जागी दुसरी पोथी आली एवढेच. आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नाही. काही ठिकाणी अश्विन पौर्णिमा गाठायची म्हणून पाने उरकली जातात, अर्थ सांगणे गळून पडते, ऐकल्याचे पुण्य मिळाले या समाधानात माणसे घरी जातात. तसे होते तिथे ते पारायणच आहे, आणि ज्या लेखकाने कर्मकांडाविरुद्ध हयात घालवली त्याच्या ग्रंथाचे असे होणे वेदनादायक आहे. पण यात दोष मोठ्याने वाचण्याचा नाही, चर्चेसाठी न राखलेल्या वेळाचा आहे. ग्रंथातल्या वाक्यांना क्रमांक आहेत. त्यामुळे कुठेही थांबता येते, ‘पाचवे वाक्य पुन्हा वाच ताई’ असे म्हणता येते, दुसऱ्या दिवशी नेमके तिथून उचलता येते. अशी सोय उरकण्यासाठी नसते. दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे: वेग दुसऱ्याचा, अर्थ दुसऱ्याने सांगितलेला, मग ऐकणाऱ्याची स्वतःची बुद्धी कुठे राहिली? याचे उत्तर पाळीत आहे. ज्या विहारात रोज एकच जाणता माणूस वाचतो आणि समजावतो तिथे हा धोका खराच आहे. जिथे वाचणारी व्यक्ती रोज बदलते तिथे काल ऐकणारी आज वाचते, आणि सगळ्यांसमोर वाचायचे म्हणून दुपारीच घरी बसून तो भाग दोनदा वाचून ठेवते. सामूहिक वाचनातून एकटे वाचन असे तयार होते.

तिसरा आक्षेप पुस्तके विकत घेण्यावर आहे. दसऱ्याला, म्हणजे वर्षावासाचे वाचन संपायला पाच दिवस उरलेले असताना, दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि पुस्तकांच्या दुकानांपुढे रेटारेटी होते. ही पुस्तके घरी जाऊन फोटोशेजारी ठेवली जातात, वाचत कुणी नाही, असे म्हटले जाते. ठेवली जातही असतील काही. पण पुस्तक न वाचता ठेवण्याची सवय सगळ्याच थरांत आहे. ती दिसली की एकाला संग्राहक म्हणायचे आणि दुसऱ्याला भाबडा, हा न्याय नव्हे. मागणीची खूणही वेगळी दिसते. नागपूरच्या वस्तीत वाढलेल्या वसंत मून यांनी संपादित केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड राज्य शासनाने 1979 पासून काढले. पुढे छपाई रखडली, खंड मिळेनासे झाले, आणि 2021 च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. नुसते फोटोशेजारी ठेवायचे असते तर कुठल्याही खंडाने भागले असते. लोक विशिष्ट खंड मागत होते.

उरला शेवटचा आक्षेप, दरवर्षी एकच ग्रंथ का. हा मला रास्त वाटतो. ज्या वस्तीने हा ग्रंथ अनेक पावसाळे ऐकला आहे तिथे एखाद्या वर्षी दुसरे पुस्तक घ्यायला काय हरकत आहे? ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ त्यासाठी योग्य आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी बाबासाहेबांनी ते भाषण 1936 मध्ये लिहिले. मंडळाला त्यातले विचार पेलले नाहीत, अधिवेशन रद्द झाले आणि भाषण झालेच नाही. बाबासाहेबांनी ते स्वतः छापले, पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत गांधीजींची टीका आणि तिला आपले उत्तर जोडले. श्रोत्यांसाठी लिहिलेला, पण त्या श्रोत्यांपर्यंत न पोहोचलेला हा मजकूर आहे, आणि त्यात आक्षेप व उत्तर दोन्ही छापील मिळतात. एका मुलीने गांधीजींची बाजू वाचावी, दुसरीने बाबासाहेबांची, मध्ये दोन दिवस चर्चेला ठेवावेत. तीन महिन्यांत ते सहज पुरे होईल, आणि अश्विनाआधी उरलेल्या संध्याकाळी त्यातला सगळ्यात अडलेला भाग पुन्हा काढता येईल.