गुदमरलेली रांजी

गडचिरोलीत मानवेल बांबूच्या बेटाला रांजी म्हणतात. खंगलेली रांजी लांबूनही ओळखू येते. कडेला बोटाएवढे खुरटे बांबू, पोटात वाळक्या काठ्यांचा गुंता आणि बुडाशी कमरेएवढ्या उंचीवर तोडलेले खुंट. ते दिसताच ‘लोकांनी ओरबाडलं’ असा निकाल दिला जातो. मला तो घाईचा वाटतो. रांजी बहुतेकदा जास्त तोडीनं मरत नाही, चुकीच्या जागी पडलेल्या कुऱ्हाडीनं मरते. पावसाळ्यात नवा कोंब येतो तो कोवळ्या कंदाच्या डोळ्यातून, म्हणून बेट बाहेरच्या अंगानं पसरतं. पोटातले जुने कंद थकलेले असतात. हात सहज पोचतो तो मात्र कडेच्या कोवळ्या बांबूपर्यंत. तोच तोडला की पुढच्या पिढीची आई गेली आणि आतले म्हातारे बांबू तसेच उभे राहून एकमेकांना दाबत बसले. म्हणूनच तीन पावसाळे न पाहिलेला बांबू तोडायचा नाही, हा नियम साऱ्या उपचाराचा पाया आहे.

उपचार कष्टाचा आहे. रांजीच्या एका बाजूनं घोड्याच्या नालासारखी वाट उघडायची, वाकून पोटात शिरायचं, वाळकं आणि वाकडं आधी ओढून काढायचं, मग पक्के बांबू वीतभर उंचीवर, पेराच्या लगेच वर तोडायचे. कोवळे बांबू आणि त्यांना आधार देणारे काही जुने राखायचे, बुडाला माती चढवायची, गुरं आणि वणवा दूर ठेवायचा. कुसळं आणि ओरखडे सोसत आत शिरणाऱ्या या मजुराची मजुरी नगावर ठरत असेल, तर त्यानं कडेचाच बांबू का तोडू नये? दोष त्याचा नाही, हिशेबाचा आहे.

यावर कुणी म्हणेल, मानवेल फुलला की कितीही निगा राखा, तो मरतोच. खरं आहे. कित्येक दशकांनी येणाऱ्या त्या सामुदायिक फुलोऱ्यावर औषध नाही. तिथे बी गळेपर्यंत थांबायचं आणि रोपं जपायची. पण फुलोरा नसताना खंगणारी रांजी वेगळी, आणि हा फरक ओळखणं हेच खरं निदान. दुसरा आक्षेप असा की शास्त्र वनखात्याकडे आहे, गावाकडे नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नडमध्ये पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांना उलटंच आढळलं. बेटाच्या बुडाचं काटेरी आवरण ‘साफ’ करण्याचा शास्त्रीय सल्ला कोंबांना जनावरांच्या तोंडी देत होता, आणि हे तिथल्या गावकऱ्यांना ठाऊक होतं.

पण ठाऊक असलेलं अमलात आणायला हाती हक्क लागतो. गडचिरोलीच्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. हक्कानं रांजी आपोआप सुधारत नाही, घाईनं विकण्याचा मोह ग्रामसभेलाही होतो. पण तीन पावसाळे थांबणं त्यालाच परवडतं, ज्याला चौथ्या वर्षीही तीच रांजी आपली आहे याची खात्री असते. ठेकेदाराला ती नसते. म्हणून तोडीचे करार करणाऱ्या ग्रामसभांना आणि वनखात्याला एकच विनंती: मजुरी नुसत्या नगावर ठरवू नका, मोकळ्या केलेल्या रांजीवरही द्या, आणि ती यंदाच्या करारातच लिहा.