साकीनाक्याचा हात, परळची शाळा

अंगठा तीस टक्के. तर्जनी चौदा, मधलं बोट बारा, अनामिका आणि करंगळी प्रत्येकी सात. बोट मुळापासून गेलं तर कामगाराची कमाईची ताकद किती घटली असं धरायचं, त्याचा हा तक्ता १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टातला. साकीनाक्याला खैरानी रोडच्या गाळ्यांत पत्रा कापणाऱ्या, प्रेसखाली माल सरकवणाऱ्या कारागिराने तो वाचलेला नसतो. तक्त्यालाही कारागीर ठाऊक नसतो. शिंप्याचा अंगठा आणि वॉचमनचा अंगठा त्याच्या लेखी सारखाच.

या दोन अंगठ्यांतला फरक ओळखायला शिकवणारं शिक्षण मुंबईत १९५० पासून मिळतं. ते व्यवसायोपचाराचं, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचं. या विषयाची आशियातली पहिली शाळा परळच्या केईएम रुग्णालयात निघाली. ती काढणाऱ्या कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकन, क्वेकर घरातल्या एलिझाबेथ लुंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इकडच्या झाल्या आणि चाळिशी उलटल्यावर अमेरिकेला जाऊन हा विषय शिकून आल्या. तिथेही तो फार जुना नव्हता. त्याची पहिली संघटना १९१७ मधली. पहिल्या महायुद्धातून जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांमुळे तो वाढला. १९५२ साली जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. मराठी वाचकाला निंबकर म्हटलं की फलटण आठवतं, तिथलं कमला निंबकर बालभवन आठवतं, लेखिका जाई निंबकर आठवतात. त्या कमलाबाईंच्या सूनबाई. खुद्द कमलाबाईंनी परळला काय उभं केलं, हे मात्र रुग्णालयाच्या आवाराबाहेर फारसं कुणाला माहीत नाही.

आज मुंबईत केईएमसोबत सायन आणि नायर या पालिकेच्याच रुग्णालयांच्या महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम चालतो. बारावी विज्ञान, मग ‘नीट’, मग साडेचार वर्षं. त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. पुढे पदव्युत्तर शिक्षण, एखादी विशेष शाखा आणि प्रबंध. शरीररचनेच्या तासाला स्नायू कुठून निघतो आणि कुठे चिकटतो हे सगळेच पाठ करतात. वेगळेपण दिसतं ते स्प्लिंटच्या, म्हणजे हाताला आधार देणाऱ्या साच्याच्या टेबलापाशी.

बोट वाकवणारी शीर, म्हणजे टेंडन, तुटून शस्त्रक्रियेने जोडली की पुढचा प्रश्न थेरपिस्टचा. बोट हलवलंच नाही, तर शीर आजूबाजूला चिकटते आणि बोट आखडतं. जास्त जोर लावला, तर टाका तुटतो. त्या दोहोंच्या मधली हालचाल साधारण सहा आठवडे राखायची असते, मनगट आणि बोटं स्प्लिंटमध्ये किंचित वाकवलेली ठेवून. विद्यार्थी आधी कागदावर हाताची बाह्यरेषा काढतो, त्यावरून प्लास्टिकचा पत्रा कापतो, गरम पाण्यात मऊ करतो आणि रुग्णाच्या हातावर बसवून थंड होईपर्यंत धरून ठेवतो. लांबी कोपरापर्यंतच्या हाताच्या दोन तृतीयांश. साधा मनगटाचा स्प्लिंट असेल, तर तळव्याची घडी मोकळी सोडायची, नाहीतर मूठच वळत नाही. कडा गोल केल्या नाहीत, तर आठवड्याभरात तिथे कातडी सोलवटते. पहिले काही स्प्लिंट बहुतेकांचे कचऱ्यात जातात, आणि ते योग्यच.

याहून अवघड शिकवणी कामाकडे बघण्याची. ‘तुम्ही काय काम करता?’ एवढ्यावर थांबणारा विद्यार्थी नापास म्हणावा. पुढचं वाक्य हवं: ‘कसं करता, दाखवा.’ प्रेसवाल्याचा उजवा हात लिव्हरवर असतो की डावा? पत्रा चिमटीत धरतो की मुठीत? उभा असतो की पाटावर बसलेला? जेवताना भात कालवता येतो का, शर्टाचं बटण लागतं का, लोकलचा दांडा धरवतो का? पकडीची ताकद किलोत मोजणारं यंत्र विभागात असतंच, पण यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्याच्या काट्यावर उमटत नाही.

इथेच या शिक्षणाबद्दल माझी एक तक्रार आहे. पाठ्यपुस्तकं बव्हंशी अमेरिकन. त्यांत बाथटबमध्ये कसं उतरायचं याची चित्रं असतात, काटे-सुऱ्या असतात. साकीनाक्याच्या दहा बाय दहाच्या खोलीतला माळा, त्याची लोखंडी शिडी, बादली आणि मग, वस्तीतलं सार्वजनिक शौचालय हे सगळं विद्यार्थ्याने वॉर्डात आपलं आपण जोडून घ्यायचं. जे घेतात ते उत्तम थेरपिस्ट होतात. पण म्हणून पुस्तकाला सूट देता येत नाही.

पदवीनंतरच्या वाटाही बोलक्या आहेत. बरेच जण मुलांच्या थेरपीकडे वळतात, कारण ऑटिझम, अतिचंचलता, हस्ताक्षर यांसाठी खासगी क्लिनिकांत पालक येतात आणि फी देतात. काही परदेशी जातात. अमेरिकेत या पेशात शिरायला २००७ पासून पदव्युत्तर पातळीचं शिक्षण लागतं, त्यामुळे तिकडचा अभ्यास आणखी लांबतो. बोट गमावलेल्या हेल्परमागे तशी बाजारपेठ नाही. तो राजावाडी नाहीतर सायनची ओपीडी गाठतो, आणि प्रत्येक फेरीला त्याचा एक खाडा पडतो. टाके निघाले, दुखणं कमी झालं की तो यायचा थांबतो. नेमकी तेव्हा खरी थेरपी सुरू व्हायची असते: जड वस्तू हळूहळू उचलणं, हत्याराच्या मुठीवर जाड वेटोळं चढवणं, जुनं काम नव्या पकडीने करून बघणं. थेरपिस्ट मालकाच्या नावे चिठ्ठी देते, ‘बारा आठवडे जड काम नको, पॅकिंगला चालेल.’ गाळ्यात पॅकिंगला माणूस आधीच असतो.