चित्र दाखवायचं कुणाला, आणि विचारायचं काय?

मंडळी, चित्र काढणं आणि ते दुसऱ्याला दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम शिकवायला वर्ग आहेत, पुस्तकं आहेत, मोबाईलवर हवे तेवढे व्हिडिओ आहेत. दुसरं काम सहसा कुणी शिकवत नाही. हौशी माणूस चित्र काढतो, घरच्यांना दाखवतो, ‘छान’ ऐकतो आणि वही कपाटात ठेवून देतो. आज आपण या दुसऱ्या कामाबद्दल बोलणार आहोत, आणि तेही निसर्गचित्रापुरतंच. व्यक्तिचित्राचं प्रकरण निराळं आहे. तिथं ज्याचं चित्र असतं तोच पहिला टीकाकार असतो!

बारामती एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसाला आठवड्याची एक सुट्टी मिळते. त्यात बाजार, दळण, पोरांचा अभ्यास, गावाकडची एखादी चक्कर. रंगांच्या वाट्याला सकाळचे दीड-दोन तास आले तरी खूप. एवढा मोलाचा वेळ घालून काढलेल्या चित्राला ‘लय भारी’ इतकंच उत्तर मिळालं, तर पुढच्या सुट्टीला काय वेगळं करायचं हे कळत नाही. आणि ‘हे झाड आहे का फ्लॉवरचा गड्डा?’ असं उत्तर मिळालं, तर पुढच्या सुट्टीला रंगपेटी उघडलीच जात नाही. शाळेत एलिमेंटरी, इंटरमीजिएट दिलेली, चांगली ग्रेड मिळवलेली आणि नंतर ब्रश सोडलेली माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. त्यांचा हात गेलेला नसतो. चित्र घेऊन जावं असं माणूस उरलेलं नसतं.

आता गंमत बघा. ज्याला चित्रावर काय बोलावं सुचत नाही, तोच माणूस कारखान्यात दिवसभर उत्तम अभिप्राय देत असतो. शिफ्ट सुरू झाली की पहिला नग तपासायला जातो. क्वालिटीचा माणूस त्याला छान म्हणत नाही आणि बेकारही म्हणत नाही. व्हर्नियर लावतो आणि सांगतो, ‘भोक एवढं मोठं झालंय, या कडेला बर राहिलाय.’ मशीनवरचा माणूस ऑफसेट बदलतो, पुढचा नग काढतो. त्यात कुणाचा अपमान झाला असं कुणी मानत नाही, कारण बोलणं नगाबद्दल चाललेलं असतं. (कधीकधी माणसावरही घसरतं, ते सोडा. पद्धत मात्र तशी आहे.) जागा नेमकी दाखवली, फरक सांगितला आणि दुरुस्ती करता येईल अशा भाषेत सांगितला.

हेच चित्राला लावून बघू. ‘आकाश बिघडलंय’ हे ऐकून चित्र काढणारा काहीच करू शकत नाही. त्याऐवजी ‘क्षितिजाजवळचं आकाश वरच्या आकाशाइतकंच गडद झालंय, त्यामुळं लांबची टेकडी अंगावर आल्यासारखी वाटते’ असं म्हटलं, तर त्याला पुढच्या वेळी करायला काम मिळतं. लांबची गोष्ट आणि आपला डोळा यांच्यामध्ये हवेचा आणि धुळीचा थर असतो. तो थर जितका जाड, तितका उजेड आणि सावली यांतला फरक कमी दिसतो आणि रंग फिके पडतात. पुस्तकात लिहिलेलं असतं की लांबचे डोंगर निळे काढा. ओल्या हवेत, सह्याद्रीच्या कडेला ते बरोबर आहे. आपण पर्जन्यछायेच्या पट्ट्यात राहतो. मे महिन्यात इथं लांबचं सगळं पांढुरकं, मातकट करडं दिसतं. तेव्हा ‘पुस्तकात निळं सांगितलंय’ असा अभिप्राय दिलात तर तो चुकीचा ठरेल. बाहेर जाऊन बघायचं आणि मग बोलायचं.

पण कारखान्याची ही तुलना एका जागी मोडते, आणि आजच्या विषयातली खरी अडचण तिथंच आहे. नगाला ड्रॉइंग असतं. किती मिलिमीटर हवं ते आधी छापलेलं असतं. चित्राला तसं ड्रॉइंग नसतं. काय हवं होतं ते फक्त काढणाऱ्याच्या मनात असतं, आणि पुष्कळदा तिथंही अर्धवटच असतं. मग मोजायचं कशाशी?

समजा, एकानं नीरा डाव्या कालव्याचं चित्र आणलंय. पाणी तपकिरी रंगवलंय. बघणारा लगेच म्हणतो, ‘पाणी निळं कर, उठून दिसेल.’ इथं बघणाऱ्यानं स्वतःच्या मनातलं ड्रॉइंग दुसऱ्याच्या नगाला लावलं. त्याऐवजी त्यानं विचारलं असतं, ‘पाण्याला हा रंग का घेतलास?’ तर उत्तर आलं असतं, ‘आवर्तन सुटलं तेव्हाचं आहे, गढूळ पाणी.’ आता बोलणं पुढं सरकतं. गढूळ पाणीसुद्धा आकाश दाखवतं. पायाजवळचं पाणी आपण वरून बघतो, म्हणून तिथं मातीचा रंग दिसतो. लांबचं पाणी आपण तिरकं बघतो, म्हणून तिथं आकाशाचं प्रतिबिंब जास्त पडतं आणि पाणी उजळ होतं. चित्रात सगळीकडे एकच तपकिरी लावल्यामुळं कालव्याचा मातीचा रस्ता झालाय. हा अभिप्राय गढूळपणा तसाच राखतो आणि पाण्याला पाणीपण देतो.

अमेरिकेतल्या नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये याची एक पद्धत बसवली. ती नाचासाठी निघाली, पण आता कुठल्याही कलेत वापरली जाते. पहिल्यांदा बघणारे सांगतात की या कामात त्यांना काय जाणवलं, काय लक्षात राहिलं. मग कलाकार प्रश्न विचारतो. मग बघणारे प्रश्न विचारतात, मात्र प्रश्नात मत लपवायचं नाही. ‘झाड एवढं मोठं का काढलंस?’ यात मत आहे. ‘झाडाच्या आकाराबद्दल तुझा काय विचार होता?’ यात नाही. आणि शेवटी मत, तेही ‘मला झाडाबद्दल एक मत आहे, सांगू का?’ असं विचारून. समोरचा नको म्हणाला तर नाही सांगायचं. आपल्याकडं हे जरा अवघड जातं. वडीलधाऱ्या माणसाला ‘काका, मत नको’ कोण म्हणणार? म्हणून आम्हाला यातली दुसरी पायरी सगळ्यात कामाची वाटते. काढणाऱ्यानं आधी प्रश्न विचारला की वडीलधारेही त्या प्रश्नापुरतं बोलतात.

आता जरा बाजूला जातो, पण विषयातच आहे. इथल्या हौशी चित्रांमध्ये काय असतं? दोन डोंगरांच्या मध्ये सूर्य, नारळाचं झाड, नदी, होडी. बारामतीत नारळ आणि होडी कुठून आली? एमआयडीसीत रंगवण्यासारखं काही नाही, अशी आपली ठाम समजूत आहे. पत्र्याच्या शेड, विजेचे खांब, बाभळी, तुरा आलेला ऊस, ट्रॉल्यांची रांग. हे चित्राचे विषय आहेत असं आपल्याला कुणी सांगितलेलंच नाही. जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराचं ‘द हे वेन’ हे चित्र आज कॅलेंडरवर शोभेची वस्तू म्हणून छापतात. त्यातली जागा कोणती? फ्लॅटफर्डची. तिथली धान्याची गिरणी त्याच्या वडिलांची होती आणि त्या नदीतून मालाच्या नावा चालत. त्याच्या घरच्या धंद्याची जागा ती, त्याची एमआयडीसी म्हणा ना. १८२१ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत ते मांडलं, तेव्हा विकलं गेलं नाही. १८२४ मध्ये पॅरिसला त्याच चित्राला सुवर्णपदक मिळालं. आपल्याकडं कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ, रंकाळा, म्हणजे रोजच्या येण्याजाण्यातलीच ठिकाणं रंगवली.

लांब जायचं नसेल तर सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्याचं वाळकं गवत आहे. इंदापूर तालुक्यात भिगवणला उजनीचा फुगवटा आहे, हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं. पण कंपनीच्या गेटसमोरचा रस्ताही चालेल. तिथं एक सोय आहे: तुमचं चित्र बघणाऱ्यानं ती जागा रोज बघितलेली असते.

त्यावरून ग्रीक चित्रकार अपेलीसची गोष्ट. ती रोमन लेखक प्लिनीनं लिहून ठेवलीय. अपेलीस चित्र बाहेर मांडायचा आणि मागे लपून लोकांचं बोलणं ऐकायचा. एका चांभारानं चपलेतली चूक काढली. अपेलीसनं ती दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी तोच चांभार चित्रातल्या पायाबद्दल बोलायला लागला. तेव्हा अपेलीस बाहेर येऊन म्हणाला, चपलेच्या वर जाऊ नकोस. गोष्ट अर्धी पटते. कालव्यावरच्या पाटकऱ्याला पाणी दारातून कसं उसळतं ते चित्रकारापेक्षा जास्त कळतं, त्याला ते जरूर विचारा. ऊस काढला असेल तर शेतकऱ्याला विचारा, हा किती महिन्यांचा वाटतो? त्यानं बरोबर सांगितलं तर चित्र जमलंय. पण पायाबद्दल त्याला गप्प का करायचं? ‘चित्रात तुझी नजर आधी कुठं गेली?’ याचं उत्तर द्यायला चित्रकला शिकलेली असावी लागत नाही, आणि रचना जमली की नाही हे त्यातूनच कळतं.

दाखवायला कुणीच नसेल तर लिओनार्दोनं सांगितलेला उपाय करा: चित्र आरशात बघा. उलटं झालं की ते परक्याचं वाटतं आणि कललेला खांब लगेच दिसतो. मोबाईलवर त्याचा रंगहीन फोटो काढला तर उजेड-सावलीचा फरक उरलाय की नाही तेही कळतं.

कॉन्स्टेबलनं १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडला ढगांचे पुष्कळ अभ्यास केले. कागदामागं तो तारीख, वेळ, वारा कुठून वाहत होता ते लिहायचा. आपणही चित्रामागं तारीख, वेळ आणि ठिकाण लिहू. खाली एकच प्रश्न लिहू, म्हणजे ‘दुपारचं ऊन वाटतं का?’, ‘शेड आणि बाभळ यांच्यात अंतर दिसतं का?’ असा. ‘कसं झालंय?’ असा नको. त्याला ‘छान’ शिवाय उत्तर येत नाही. आणि प्रश्नाखाली चार ओळींची जागा मोकळी सोडू.