पावती जपून ठेवा

केळशीच्या खाडीकाठी कातकरी वाडीवर बैठक कधी घ्यायची हे तारखेवर नाही, तिथीवर ठरतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. ओहोटीला चिखल लांबवर उघडा पडतो आणि वाडीतलं धडधाकट माणूस चिंबोऱ्या, मुळे, कालवं काढायला खाडीत उतरलेलं असतं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग असतो. पाणी फारसं चढत नाही, फारसं उतरतही नाही आणि खाडीतून हाताला थोडकंच लागतं. बैठक त्या दिवसांत, तीही रात्रीची जेवणं उरकल्यावर. ज्या कार्यकर्तीबरोबर मी या वाडीवर जात राहिलो, तिच्या पिशवीत म्हणूनच कालनिर्णयाचं पान घडी घालून ठेवलेलं असतं. वाडीचं नाव मी मुद्दाम देत नाही. अशा वस्तीचं नाव एकदा छापलं की त्याला काय काय चिकटतं, ते पुढे येईलच.

ताईची पिशवी म्हणजे चालतंबोलतं ऑफिस. कोरे अर्ज, शाईचा पॅड, स्टेपलर, पासपोर्ट फोटोंची पाकिटं, झेरॉक्सचे गठ्ठे. चटई अंथरली की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "पावत्या आणल्यात का?" मग एकेक बाई झोपडीच्या वाशाला अडकवलेली प्लॅस्टिकची पिशवी काढून आणते. एकीची पिशवी मी जवळून पाहिली. तीत मोबाइलचं बिल होतं, चार्जिंगच्या बॅटरीचं होतं, छपराच्या पत्र्यांचं होतं, आणि जाळं विकणाऱ्यानं वहीचं पान फाडून दिलेली, खाली सही-शिक्का असलेली चिठ्ठी होती. मोबाइलचं बिल जवळपास कोरं झालं होतं. दुकानातल्या यंत्रातून निघणाऱ्या कागदावरची अक्षरं पावसाळ्याच्या दमट हवेत उडतात. म्हणून ताई बिल आल्या आल्या त्याची झेरॉक्स काढते, मागे तारीख लिहिते आणि दोन्ही कागद एकत्र टाचते.

आपल्यापैकी किती जणांनी बॅटरीची पावती जपून ठेवली आहे? आपल्याला ती कोणी विचारत नाही. इथे विचारतात. बागेतल्या पंपाची केबल कापली गेली, कुणाच्या ओटीवरून भांडं गेलं की शोध वाडीपासून सुरू होतो. ज्याच्या घरात नवी वस्तू दिसेल, त्यानं ती आपलीच असल्याचं सिद्ध करायचं. गंमत अशी की याच बागांमध्ये आंब्याच्या हंगामात रात्रभर राखण करायला बसवलेला माणूस बहुधा कातकरीच असतो. पेट्या भरून मुंबईला जाईपर्यंत त्याच्यावर भरवसा आणि हंगाम संपला की संशय.

या संशयाचं वय मोठं आहे. कातकरी मूळचे खैराच्या लाकडापासून कात काढणारे. इंग्रजांनी जंगलं राखीव केली, खैर तोडायला बंदी आली आणि धंदा बसला. माणसं मजुरीला, लाकूडफाट्याला, कोळशाच्या भट्ट्यांना लागली. त्याच सुमाराला लिहिल्या गेलेल्या ठाणे-कुलाब्याच्या गॅझेटियरांत अख्ख्या जमातीला चोरटेपणाचं विशेषण लागलं. तिकडे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मानं गुन्हेगार ठरवण्याची सोय केली होतीच. 1911 मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, भामटा, कैकाडी अशा कितीतरी जमातींच्या लोकांना हजेरी लावावी लागे, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड सेटलमेंटमध्ये राहावं लागे. 31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा गेला. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण 1959 मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि जुनी नजर नव्या चौकटीत बसली.

त्या नजरेनं माणसं मेलीही आहेत. 1998 मध्ये बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी तरुण पोलिसांच्या ताब्यात मरण पावला. त्याच वर्षी बंगालमध्ये बुधन सबरही असाच मरण पावला. या दोन मृत्यूंच्या पार्श्वभूमीवर महाश्वेता देवी, गणेश देवी आणि 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी देशपातळीवरचा गट उभा केला. विमुक्त-भटक्यांसाठी 2015 मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष भिकू रामजी इदाते आमच्या दापोली तालुक्यातलेच. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की केवळ मागास समाजातला म्हणून कुणाच्या नावानं पोलिसांनी हिस्ट्रीशीट उघडू नये. ऑक्टोबर 2024 मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगातली जातवार कामवाटणी घटनाबाह्य ठरली. विमुक्त जमातींच्या माणसाला सरसकट सराईत समजण्यावरही न्यायालयानं बोट ठेवलं. निकाल दिल्लीत लागतात, पावती मात्र वाशाला टांगलेली राहते. मधलं अंतर कापायचं काम ताईसारख्यांचं.

ताई ते कापते नोंदवह्यांच्या वाटेनं. तिचं म्हणणं साधं आहे. ज्याचं नाव फक्त पोलिसांच्या वहीत असतं, त्याला सगळे भितात. तेच नाव शाळेच्या हजेरीत, रेशनच्या यादीत, घरपट्टीच्या नोंदीत, रोजगार हमीच्या मस्टरवर आलं की तो गावकरी होतो. म्हणून बैठकीचा मोठा वेळ कागदांत जातो.

आदिवासीला जातीचा दाखला हवा तर 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा रहिवास दाखवावा लागतो. ज्यांचे आजे-पणजे कोळशाच्या भट्टीवरून भट्टीवर फिरत होते, त्यांनी तो कुठून आणायचा? त्यावर उतारा गृहचौकशीचा. तलाठी वाडीवर येतो, नातेवाइकांचे, शेजारच्या गावकऱ्यांचे जबाब घेतो, वंशावळ लिहून काढतो आणि त्यावरून प्रांताकडे अहवाल जातो. वंशावळीची बैठक मी पाहिली. म्हाताऱ्या नाईकानं डोळे मिटून नावं सांगायला सुरुवात केली आणि बायांनी त्याला तीन ठिकाणी अडवलं, कारण सुनांच्या माहेरची नावं त्यांनाच पक्की ठाऊक. जन्मसालं वादळांवरून काढली गेली. फयानच्या वेळी पोटात होता म्हणजे 2009 ची अखेर किंवा 2010, निसर्गच्या वेळी चालायला लागली होती म्हणजे 2019. ताई वहीत आधी पेन्सिलीनं लिहीत होती. दोघींचं एकमत झालं की मगच त्यावर पेन फिरवायची.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळानं हा किनारा झोडपला तेव्हा कागदाची किंमत सगळ्यांना कळली. पंचनामा घराचा होतो, आणि घर म्हणजे ज्याची नोंद आहे ते. कुणाच्या तरी खाजगी जागेत कुडाच्या भिंती उभारून पिढ्यानपिढ्या राहणाऱ्याचं छप्पर उडालं, तरी कागदोपत्री काही उडालेलंच नसतं.

जमिनीचा प्रश्न इथेच येतो. कोकणात बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं, 1949 च्या कायद्यानं खोती गेली. कुळांच्या हाती जमीन येऊ लागली. कातकरी कूळही नव्हता. तो मालकाच्या जागेत, मालकाच्या मर्जीवर राहत होता. 15 नोव्हेंबर 2023 ला केंद्रानं देशातल्या 75 अतिमागास आदिवासी समूहांसाठी पीएम-जनमन योजना सुरू केली, तीन वर्षांसाठी 24,104 कोटींची. महाराष्ट्रातले कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड तिच्यात येतात. घराला 2 लाख 39 हजार रुपये मिळतात. पण पायाच घालायचा कुठे? मालक म्हणतो, माझ्या जागेत पक्कं बांधकाम नको. रायगडात कर्जतजवळच्या कशेळे इथल्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सच्या कार्यकर्त्यांनी वाडीखालची जागा गावठाणात आणण्यासाठी चिकाटीनं काम केलं आहे. उल्का महाजनांचं सर्वहारा जन आंदोलन, विवेक आणि विद्युल्लता पंडितांची श्रमजीवी संघटना यांनीही जमीन आणि वेठबिगारीचे लढे लढवले. मिलिंद बोकील यांनी तर 'कातकरी : विकास की विस्थापन?' असं शीर्षकातच विचारून ठेवलं आहे. ताई कशेळेच्या कामातल्या कागदांच्या फोटोप्रती जवळ बाळगते. अर्जाचा मसुदा तिथलाच, फक्त गट नंबर इथला.

दिवाळी झाली की वाडी अर्धी रिकामी होते. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला कोळशाच्या नाहीतर विटांच्या भट्टीवर जावं लागतं. मागे राहतात म्हातारी माणसं, आणि आईबाबांबरोबर जातात पोरं. शाळेचा पट तिथेच तुटतो. हंगामी वसतिगृह सुरू झालं तर पोरं गावात राहू शकतात, म्हणून ताईची धावपळ गणपती आटोपल्याबरोबर सुरू होते. वसतिगृहाच्या अर्जात मुलांची यादी लागते, यादीला आधार लागतं, आधारला जन्मनोंद लागते. प्रकल्प कार्यालय गाठायचं तर थेट रायगडात पेणला.

हे सगळं चाललेलं असतानाच आंब्याच्या हंगामात एका बागेतली केबल गेली. बागायतदारानं रात्रीच वाडीकडे बोट केलं. त्याची बाजूही ऐकण्यासारखी होती. ऐन पाणी देण्याच्या दिवसांत पंप बंद पडला की मोहोरापासूनची मेहनत जाते, आणि नुकसान कोणी भरून देत नाही. दुसऱ्या दिवशी वाडीवर विचारपूस होणार हे ठरलेलं. ताईनं पहिला फोन पोलीस पाटलांना केला. "पाटील, तुम्ही सोबत या, म्हणजे जे विचारायचं ते सगळ्यांसमोर होईल." मग वाडीत ठरवून ठेवलेली पद्धत सुरू झाली. कुणीही एकटं चौकीवर जायचं नाही. बायकांना चौकशीसाठी ठाण्यावर बोलावता येत नाही, विचारायचं ते घरी येऊन, हे दोघी-तिघींना तोंडपाठ होतं. अटक झालीच तर नातेवाइकाला कळवणं आणि 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेणं बंधनकारक आहे, हे डी. के. बसू खटल्यातल्या 1996 च्या निकालासकट एका पुठ्ठ्यावर लिहून दाराशी टांगलेलं होतं.

त्या रात्री कोण कुठे होतं याची यादी झाली. दोघं रोजगार हमीच्या कामावरून उशिरा आले होते, मस्टरवर सही होती. एक जण दुसऱ्याच बागेत राखणीला होता, त्या मालकानं फोनवर तसं सांगितलं. तिघी चिंबोऱ्या विकायला गेल्या होत्या, व्यापाऱ्याच्या वहीत वजन आणि तारीख दोन्ही निघाली. सकाळी आलेल्या हवालदारानं यादी वाचली, वही पाहिली, चहा घेतला आणि गेला. केबल कुणी नेली ते कळलं नाही. पण वाडीवर कुणाला हात लागला नाही आणि राखणीचं काम कुणाचं तुटलं नाही. हवालदाराचंही काम हलकं झालं, असं पाटील नंतर मला म्हणाले. त्यात तथ्य आहे.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. 15 ऑगस्ट 2007 ला, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. भांडण ठाण्यावर जाण्याआधी गावात मिटवा आणि बक्षिसाची रक्कम गावाच्या कामाला लावा, अशी तिची मांडणी होती. त्याआधी भिवंडीत सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या आणि 1992-93 च्या दंगलींत भिवंडी शांत राहिली. समितीत कोण बसतं यावर सगळं अवलंबून. वाडीतलं कुणी गावच्या तंटामुक्त समितीत नसेल तर तंटा गावाच्या बाजूनंच मिटतो. ताईची मागणी म्हणून एकच आहे : समितीत वाडीतली एक बाई हवी, आणि ती सही करण्यापुरती नको.

पोलीस आणि वस्ती यांच्यातला हा पेच इतरत्रही दिसतो. अमेरिकेत मे 2020 मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला तेव्हा मागणी उठली की पोलिसांवरचा पैसा काढून काळ्या वस्त्यांतल्या शाळा, दवाखाने आणि घरांवर घाला. पुढच्याच वर्षी त्या शहराच्या मतदारांनी पोलीस खात्याच्या जागी वेगळं खातं आणण्याचा प्रस्ताव फेटाळला. वस्तीला सुरक्षितता हवी होती, पोलिसांची भीती नको होती, आणि दोन्ही एका मतपत्रिकेत बसेना. आपल्याकडे प्रश्न थोडा वेगळा आहे. खाडीकाठच्या वाडीसाठी पोलिसांवर असा काय मोठा खर्च होतो, की तो कापून इकडे वळवावा? इथे प्रश्न क्रमाचा आहे. सरकार वाडीवर पहिल्यांदा कोणत्या रूपात येतं? नर्स, शिक्षक आणि तलाठी आधी येत असतील तर हवालदार चहा घेऊन परत जातो. तो एकटाच येत असेल, तर आपल्या घरातल्या बॅटरीचीही पावती लागते.

मला ताईच्या कामातलं जे पटलं ते हेच. तिनं पोलिसांशी भांडण मांडलं नाही आणि त्यांच्या भलेपणावर भिस्तही ठेवली नाही. वाडीच्या बाजूनं कागद इतके जाड केले की संशयाला जागाच उरू नये. याला पैसा फारसा लागत नाही. तिथी पाहून रात्री वाडीवर जाणारं माणूस लागतं, आणि गावानं ऐकून घ्यावं लागतं.

ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला भरते. तुमच्या गावात कातकरी, पारधी, कैकाडी, कुणाचीही अशी वस्ती असेल तर येत्या सभेत उठून एवढंच विचारा : त्या वस्तीतली किती घरं ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, नोंदलेली आहेत, आणि उरलेली का नाहीत? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा.