मोटारसायकलीची तार लांबविताना घ्यावयाची खबरदारी

दिव्याची तार अपुरी पडल्यास ती घरीच लांबविण्याचा मोह पुष्कळ शेतकरी बंधूंस होतो. बॅटरी अवघी १२ व्होल्टांची, म्हणून धक्का बसत नाही. परंतु उघडी तार सांगाड्यास टेकताच मोठा प्रवाह वाहून आवरण पेटू शकते, आणि पेट्रोलची टाकी तर लगतच असते! यास्तव प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. जोडतार मूळ तारेहून बारीक नसावी. ६० वॅटांचा दिवा ५ अँपिअर प्रवाह ओढतो, तेव्हा बारीक तार तापते व दिवा मंदावतो. नुसता पीळ न देता सांध्यास डाख द्यावा व वर आकसणारी नळी चढवावी. हॅन्डल दोहोंकडे पूर्ण वळवून तार ताणत नाही ना, हे पाहावे. फ्यूज उडाल्यास त्याजागी साधी तार घालणे म्हणजे राखणदारासच हाकलून देणे होय.